'द कॅटल किंग' वाचलं, आणि मग नद्यांचा नकाशा काढून बसलो

अॅडलेडकर

ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडहून उत्तरेला तासाभरावर कपंडा नावाचं गाव आहे. जुनं, तांब्याच्या खाणीमुळे वसलेलं. मुलीची नेटबॉलची मॅच होती म्हणून गेलो होतो. मॅच संपायला वेळ होता, तेव्हा हायस्कूलच्या बाजूला फिरत गेलो. शाळा म्हणजे मुळात एक श्रीमंती बंगला आहे, नाव एरिंगा. सिडनी किडमन नावाच्या माणसाने १९२१ साली तो शिक्षण खात्याला देऊन टाकला. त्याच साली त्याला 'सर' ही पदवी मिळाली. बंगला सोडताना तो जगातल्या सगळ्यात मोठ्या जमीनधारकांपैकी एक होता. इंग्लंड देशाचं क्षेत्रफळ त्याच्या ताब्यातल्या रानापेक्षा कमी भरत होतं.

घरी येताना लायब्ररीतून किडमनचं चरित्र, आयन इड्रिसचं 'द कॅटल किंग', उचललं. किडमन वारला सप्टेंबर १९३५मध्ये आणि हे पुस्तक आलं १९३६मध्ये. ऑस्ट्रेलियात त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. तीन रात्रींत संपवलं. लिहावंसं वाटलं कारण पुस्तक आवडलंही आणि त्याने मला अस्वस्थही केलं.

गोष्ट थोडक्यात अशी. १८५७चा जन्म. तो पाळण्यात असतानाच बाप गेला. आईने दुसरं लग्न केलं, सावत्र बाप दारुडा. १८७०मध्ये, तेराव्या वर्षी, पोरगा रात्री घरातून निघाला. खिशात पाच शिलिंग, बुडाखाली एका डोळ्याने आंधळा घोडा. भाऊ बॅरिअर डोंगरांकडे गुरं राखत होते, त्यांना गाठायचं. तिकडे हॅरी रेन्स नावाच्या, स्वतःची जमीन नसलेल्या गुराख्याकडे राहिला. जिथे चारा दिसेल तिथे हा रेन्स गुरं घेऊन मुक्काम टाकायचा. ओढ्याच्या काठात खणलेली गुहा हेच घर. मग एका स्टेशनवर आठवड्याला दहा शिलिंगांवर नोकरी. (इथे रँचला स्टेशन म्हणतात. आगगाडीशी त्याचा संबंध नाही.) पगारवाढ मागितली तर काढून टाकलं. त्यानंतर आयुष्यात कुणाची चाकरी केली नाही. कोबारला तांबं सापडलं तेव्हा खाणकामगारांना मटण पुरवलं, मालवाहतूक केली. आजोबांकडून चारशे पौंड आले, ते गुराघोड्यांच्या व्यापारात घातले. ब्रोकन हिलच्या खाणीचा चौदावा हिस्सा दहा गोऱ्ह्यांच्या बदल्यात घेतला आणि थोडक्या नफ्यात विकून मोकळा झाला. ती खाण म्हणजे आजची बीएचपी, जगातल्या बड्या खाणकंपन्यांपैकी एक.

इथपर्यंत कुठल्याही 'शून्यातून उभा राहिलेला माणूस' छापाच्या चरित्रात बसेल अशी कथा आहे, आणि इड्रिस ती फार रंगवून सांगतो. किडमन शिवी देत नसे, दारूला शिवत नसे, तंबाखू ओढत नसे. शेकोटी समोर पेटलेली असताना काडी ओढून पाइप पेटवणाऱ्या गड्याला त्याने कामावरून काढलं, अशी एक आख्यायिका आजही इथे सांगतात.

पण मला खिळवून ठेवलं ते पाण्याने.

शंभरेक पानांनंतर मी उठलो, ऑस्ट्रेलियाचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि मुलीची रंगीत पेन्सिल घेऊन नद्या गिरवायला लागलो. जॉर्जिना, डायमँटिना, कूपर्स क्रीक. या नद्या समुद्राला मिळत नाहीत. उत्तर क्वीन्सलंडमध्ये डिसेंबर ते मार्च पावसाळा असतो, आपल्यासारखाच मोसमी. ते पाणी उतरतं दक्षिणेकडे, देशाच्या पोटात, लेक आयरच्या खोलगटाकडे. हा तळ समुद्रसपाटीपेक्षा पंधरा मीटर खाली आहे. वाटेत जमीन इतकी सपाट की नदीला एक पात्र राहत नाही, शेकडो फाटे फुटतात. म्हणून त्या मुलखाला चॅनल कंट्री म्हणतात. उत्तरेत पडलेलं पाणी तिथे पोचायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणजे आभाळ कोरडं ठणठणीत, महिनोन्महिने थेंब नाही, आणि एके सकाळी दूरवरून पाणी चालत येतं. ते ओसरलं की मातीतून चारा उठतो, गुडघ्याएवढा.

किडमनला हे कळलं होतं. कुठे पाऊस पडला की किती दिवसांनी कुठे गवत येणार याचा त्याचा हिशोब डोक्यात तयार असे. आणि त्याने त्या हिशोबाप्रमाणे स्टेशनं घेतली. एक साखळी कार्पेंटारियाच्या आखातापासून पश्चिम क्वीन्सलंडमधून या नद्यांच्या काठाने खाली ब्रोकन हिलपर्यंत. दुसरी उत्तरेकडून, देशाच्या मध्यातून, तारेच्या खांबांच्या ओळीशेजारून फ्लिंडर्स डोंगरांपर्यंत. एकीकडे दुष्काळ पडला की गुरं पुढच्या स्टेशनवर. तिथलंही संपलं की त्याच्या पुढच्या. चालता चालता गुरं पुष्ट होतात आणि रेल्वेच्या टोकाशी, मरी गावाला पोचतात. १८८४पासून तिथे गाडी येत होती. मरीहून अॅडलेडच्या बाजाराला. बाजारात भाव कुठे आहे हे त्याला तारेने कळायचं, आणि भाव चढा असेल तिकडे कळप वळायचा.

शिवाय त्याने जमिनी घेतल्या त्या पडत्या काळात. १८९०च्या दशकातली मंदी आणि १८९५ ते १९०३चा तो भयानक दुष्काळ. लहानमोठे स्टेशनवाले बुडाले, बँका गहाण जमिनी मिळेल त्या भावाला काढत होत्या. स्वतः किडमननेही त्या दुष्काळात हजारो गुरं गमावली. तरी घेत राहिला.

आता अस्वस्थतेकडे येतो. पाण्याची ही विद्या त्याला दिली कुणी? पुस्तकाच्या सुरुवातीला बिली नावाचा एक आदिवासी आहे. रेन्सकडच्या त्या गुहेत पोरगेल्या किडमनबरोबर राहणारा. माग कसा काढायचा, कोरड्या ओढ्यात कुठे उकरलं की पाणी लागतं, पक्षी संध्याकाळी कुठल्या बाजूला उडतात, हे त्याने शिकवलं. मग किडमन मोठा होतो आणि बिली पुस्तकातून निघून जातो. पुढे साडेतीनशे पानं मालकाची. इतक्या मोठ्या साम्राज्याचं मूळ ज्या शिकवणीत आहे ती देणाऱ्याला एवढीच जागा. मला ते वाचून वाईट वाटलं आणि ते वाटणं अजून गेलेलं नाही.

कुणी हे पुस्तक वाचलंय का? किंवा जिल बोवेनचं १९८७चं किडमन चरित्र?

रेवा

वाचलं नाही, पण तुमच्या धाग्यामुळे नकाशा उघडला. समुद्राला न मिळणाऱ्या नद्या ही कल्पनाच मला नवीन होती. एक विचारते. पुस्तकात बायका आहेत का? की सगळीकडे घोडे, गुरं आणि पुरुषच?

अॅडलेडकर

रेवाताई, बायको आहे. इझाबेल राइट, शाळामास्तरीण. १८८५मध्ये कपंडालाच लग्न झालं. किडमनचं शिक्षण फारसं झालेलं नव्हतं, त्याला लिहिण्या-वाचण्यात तिने हात दिला. नवरा महिनोन्महिने रानात, घर आणि मुलं तिच्याकडे. इड्रिस तिच्याबद्दल आदराने लिहितो, पण थोडंच. माझ्या मते त्याचं मन रानात रमतं, घरात आलं की त्याची लेखणी घाईत असते.

नदीकाठ

वाचनखूण साठवली. सविस्तर प्रतिसाद रविवारी देते.

माणदेशी

अॅडलेडकर, तुमचा पाण्याचा परिच्छेद वाचून आमचे आजोबा आठवले. ते हेडी होते. नवीन पिढीला हा शब्द ठाऊक नसेल म्हणून सांगतो. हेडी म्हणजे या बाजारात जनावर घेऊन त्या बाजारात विकणारा. खरसुंडीची जत्रा, पंढरपूरचा कार्तिकीचा बाजार, आणि अधलेमधले आठवडी बाजार. खिलार खोंडं घेऊन ते चालत जायचे. ट्रक नंतर आले.

लोकांना वाटतं हेड्याची हुशारी जनावर ओळखण्यात असते. दात मोजायचे, दोनदाती की चारदाती, खुरं बघायची, चालवून बघायचं. ती असतेच. सौदा उपरण्याखाली बोटं धरून व्हायचा, शेजारच्याला भाव कळता कामा नये म्हणून. पण आजोबा म्हणायचे, खरी पारख वाटेची. कुठल्या गावच्या ओढ्याला अजून पाणी आहे, कुठला पाटील रानात बसू देतो, कुठे कडबा विकत मिळेल. जनावर चालून बाजारात पोचेपर्यंत खंगलं तर घेतल्या भावालाही जात नाही. आणि वाटेत पोटभर मिळालं तर दोन दिवसांत त्याच्या अंगावर तकाकी येते, गिऱ्हाईक आपणहून थांबतं.

किडमनने तेच केलं, फक्त त्याने वाटच विकत घेतली. आमच्या आजोबांना वाटेतल्या प्रत्येक गावात हात जोडावे लागत.

बिलीचं तुम्ही लिहिलंत ते पटलं. आजोबांबरोबर एक राखणदार असायचा. रात्री जनावरांच्या मधोमध झोपायचा. वाघरू कुठून येईल, कुठलं खोंड दावं तोडेल, हे त्यालाच कळायचं. आजोबांच्या गोष्टी आमच्या घरात चार पिढ्या सांगतात. त्याचं नाव मला वडिलांना फोन करून विचारावं लागलं. मागच्या आठवड्यात विचारलं, तुमचा धागा वाचूनच.

पागा

घोड्यांवर थोडं लिहितो, कारण इथे आपला थेट संबंध येतो.

किडमन गुरांचा राजा म्हणून ओळखला जातो, पण कपंडाला त्याचे घोड्यांचे लिलावही व्हायचे. दरवर्षी, आठवडाभर. हजाराच्या वर घोडे एका लिलावात, आणि घ्यायला हिंदुस्थानच्या लष्कराचे लोक येत. ऑस्ट्रेलियातून हिंदुस्थानात जाणाऱ्या या घोड्यांना वेलर म्हणत. नाव न्यू साउथ वेल्सवरून पडलं, जनावर कुठल्याही वसाहतीतलं असो. जुन्या लष्करी कागदपत्रांत, मुंबईच्या जुन्या वर्तमानपत्रांत हा शब्द सतत भेटतो. तोफा ओढायला, घोडदळाला, पोलोला. अरबी घोड्यापेक्षा उंच, काटक, कमी पाण्यावर चालणारा.

हे काटकपण कुठून आलं ते अॅडलेडकरांच्या लेखात आहेच. त्या स्टेशनांच्या मोकळ्या रानात, दगडांवर, उन्हात वाढलेले घोडे ते.

दुसरी गोष्ट. इड्रिस स्वतः पहिल्या महायुद्धात पाचव्या लाइट हॉर्स या घोडेस्वार तुकडीत होता. गॅलिपोली, मग सिनाई, पॅलेस्टाइन. घोड्याबद्दल तो लिहितो ते अनुभवाने लिहितो, म्हणून त्याच्या पुस्तकातले घोडे जिवंत वाटतात. त्या युद्धात ऑस्ट्रेलियातून सव्वा लाखाहून जास्त घोडे बाहेर गेले. परत आला एक. सँडी नावाचा, एका सेनापतीचा. बाकीच्यांना रोगराईच्या भीतीने परत येऊ दिलं नाही. म्हातारे घोडे गोळ्या घालून मारले, धडधाकट होते त्यांतले बरेच हिंदुस्थानी फौजेकडे गेले.

ज्या माणसाने चार वर्षं ज्या जनावराच्या पाठीवर काढली, त्याला त्याच जनावराला तिथे सोडून यावं लागलं. इड्रिसच्या लिखाणातला घोड्यांबद्दलचा हळवेपणा मी या नजरेने वाचतो.

कोरडवाहू

लेख उत्तम, पण बिलीच्या मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे.

१९३६च्या पुस्तकाला आजच्या फूटपट्टीने मोजू नये. इड्रिसने निदान बिलीचं नाव तरी लिहिलं. त्याच्या काळातल्या कित्येकांनी तेही केलं नसतं. आणि किडमनबद्दल म्हणाल तर या माणसाने बापाच्या पैशावर काही केलेलं नाही. महायुद्धात त्याने विमानं, रुग्णवाहिका, घोडे, मांस दिलं. राहतं घर शाळेला दिलं. ज्या रानात लोक एका दुष्काळात कोलमडत होते तिथे त्याने धंदा टिकवून दाखवला, शेकडो लोकांना काम दिलं. मी स्वतः कोरडवाहू शेतकरी आहे. सलग दोन वर्षं पाऊस गेला की घरात काय होतं ते मला ठाऊक आहे. त्या परिस्थितीत पाय रोवून उभा राहणारा माणूस दिसला की माझं मन आधी त्याच्या बाजूने झुकतं, आणि त्यात मला काही चूक वाटत नाही.

वकीलकाका

कोरडवाहू, तुमच्या भावनेचा मान राखून दोन गोष्टी सांगतो. त्या आजच्या फूटपट्टीच्या नाहीत, त्या काळातल्याच आहेत.

पहिली जमिनीची. किडमनची बहुतेक जमीन त्याच्या मालकीची नव्हती. ती सरकारी भाडेपट्ट्याने घेतलेली होती, चराईसाठी. सरकारने ती भाड्याने दिली कारण सरकारच्या लेखी ती कुणाचीच नव्हती. हजारो वर्षं तिथे राहणाऱ्या माणसांचा हक्क कायद्याने मोजलाच नव्हता. ही समजूत ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२मध्ये माबो खटल्यात मोडली. पुढे १९९६मध्ये विक खटल्यात न्यायालयाने सांगितलं की चराईचा भाडेपट्टा दिला म्हणून मूळ रहिवाशांचा हक्क आपोआप नष्ट होत नाही, दोन्ही एकाच जमिनीवर राहू शकतात. जिथे दोघांत विरोध येईल तिथे भाडेपट्टा वरचढ. हे निकाल वाचले की 'इंग्लंडपेक्षा मोठी जमीन' हे वाक्य वेगळ्या कानांनी ऐकू येतं.

दुसरी मजुरीची. उत्तर आणि मध्य ऑस्ट्रेलियातला गुरांचा धंदा आदिवासी गुराख्यांच्या अंगावर उभा होता. घोड्यावर बसण्यात, माग काढण्यात त्यांच्या तोडीचे लोक नव्हते. मोबदला काय? पीठ, साखर, चहा, तंबाखू, थोडे कपडे, आणि कुठे कुठे नाममात्र पैसे. ही रीत एकट्या किडमनची नव्हती, सगळ्या धंद्याची होती. गोऱ्या कामगारांइतकी मजुरी द्यावी हा निर्णय १९६६मध्ये झाला आणि तोही अमलात आला डिसेंबर १९६८पासून. त्याच १९६६च्या ऑगस्टमध्ये वेव्ह हिल स्टेशनवरचे गुरिंजी आदिवासी व्हिन्सेंट लिंगियारीच्या मागे काम सोडून निघून गेले. ते स्टेशन वेस्टी या ब्रिटिश घराण्याचं होतं. सुरुवात मजुरीवरून झाली, पण ते अडून बसले जमिनीसाठी. नऊ वर्षं. १९७५मध्ये पंतप्रधान गफ व्हिटलम तिथे गेले आणि त्यांनी लिंगियारीच्या तळहातावर मूठभर माती ओतली. तो फोटो शोधून बघा. पंतप्रधान सुटाबुटात, समोर डोळ्यांनी अधू झालेला म्हातारा गुराखी, तळहात पुढे केलेला.

कोरडवाहू

काका, फोटो बघितला. बराच वेळ बघत बसलो. माझ्या आधीच्या प्रतिसादातलं 'लोकांना काम दिलं' हे वाक्य मी आज तसं लिहिणार नाही. किडमनच्या चिकाटीबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

गोठा

पशुवैद्य म्हणून माझी भर. सांगली-मिरजकडच्या मंडळींनी जरूर वाचावं.

किडमनच्या काळातली गुरं मुख्यतः शॉर्टहॉर्न, म्हणजे थंड मुलखातली विलायती जात. आखूड शिंगं, जाड कातडं, वशिंड नाही. मांसाला उत्तम, पण उष्ण प्रदेशात हाल. त्यात गोचीड. १८७२मध्ये डार्विन बंदरात जावाकडून आणलेल्या गुरांबरोबर ही गोचीड आली असं मानतात. ती पसरली आणि तिच्याबरोबर लाल लघवीचा ताप पसरला. आपल्याकडेही हा आजार आहे, पण आपल्या गावठी गुरांच्या अंगात पिढ्यान्पिढ्यांची प्रतिकारशक्ती असते. शॉर्टहॉर्नला काहीच नव्हती. कळपच्या कळप गेले. उत्तरेतून दक्षिणेत गुरं हलवण्यावर निर्बंध आले. कळप चालवत नेण्यावर ज्याचा धंदा उभा आहे त्याला हा केवढा अडथळा, विचार करा.

उपाय शेवटी आपल्याकडून गेला. १९३३मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी शास्त्रज्ञांनी आणि क्वीन्सलंडच्या काही गुरेवाल्यांनी मिळून अमेरिकेतून ब्राह्मन जातीची दीड डझनाच्या आसपास जनावरं आणली. ही ब्राह्मन जात अमेरिकेत तयार झाली ती भारतीय गुरांपासून : कांकरेज, ओंगोल, गीर आणि आपली कृष्णाकाठची. सांगली, मिरज, त्या बाजूच्या संस्थानिकांनी काळ्या रानात ओढकामासाठी जोपासलेली ती कृष्णा खोऱ्याची गुरं.

वशिंड, मानेखाली लोंबणारी पोळी, सैल कातडं, बारीक चमकदार केस. गोचीड बसली तर ते कातडं थरथरवून झटकतात. घाम जास्त येतो म्हणून ऊन सोसतात. आज उत्तर ऑस्ट्रेलियातल्या कळपांचे फोटो बघा, बहुतेक गुरांना वशिंड दिसेल. सुरुवातीला तिथल्या जुन्या गुरेवाल्यांनी नाकं मुरडली होती. दुष्काळात आणि गोचिडीत कोण उभं राहतं हे दिसल्यावर बोलणं बंद झालं.

मी कृष्णा खोऱ्याची शुद्ध गाय शोधायला दोन वर्षांपूर्वी चार तालुके फिरलो. अगदी मोजकी दावणीला दिसली. तिचं रक्त परमुलखात लाखोंनी फिरतंय आणि इथे दाखवायला जनावर नाही, याचं मला फार दुःख होतं.

माणदेशी

डॉक्टर, हे ठाऊक नव्हतं. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, कृष्णाकाठचा बैल चिखलातून गाडी काढायचा तेव्हा शेपूट हलवत नसे. म्हणजे काय ते मला नीट कळलं नाही, पण ते खूप वेळ बोलत होते.

नदीकाठ

रविवारचं वचन पाळते. दोन मुद्दे.

पहिला उंटांचा. किडमनची स्टेशनं चालली ती उंटांच्या तांड्यांवर. पीठ, तारा, औजारं, सगळं उंटांवरून जायचं. त्या उंटवाल्यांना ऑस्ट्रेलियात सरसकट 'अफगाण' म्हणत, पण त्यांतले बरेच सिंध, बलुचिस्तान, पंजाब, राजपुतान्याचे. १८६६मध्ये शंभरावर उंट आणि त्यांना सांभाळणारी माणसं कराचीहून जहाजात चढली आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात पोर्ट ऑगस्टाला उतरली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. सिंध मुंबईपासून वेगळा झाला तो एप्रिल १९३६मध्ये, म्हणजे हे चरित्र छापलं त्याच वर्षी. मरी गावात या उंटवाल्यांनी मशीद बांधली होती, खजुराची झाडं लावली. झाडं अजून आहेत.

दुसरा मुद्दा जमिनीच्या तब्येतीचा. किडमनवर त्याच्या हयातीतच आरोप होता की तो स्टेशनं घेतो आणि ओरबाडतो. घरं पडू देतो, कुंपणं मोडू देतो, माणसं कमी करतो. त्याचे समर्थक म्हणत की तो एका जागी गुरं जास्त काळ ठेवतच नाही, म्हणून रानाला विश्रांती मिळते. दोन्हीत तथ्य असावं असं मला वाटतं. साखळी पद्धतीत रान मोकळं राहतं हे खरं. पण १९३०च्या दशकात त्या भागात वाळूची वादळं इतकी वाढली की सरकारने फ्रान्सिस रॅटक्लिफ या प्राणिशास्त्रज्ञाला पाहणीला पाठवलं. गुरं-मेंढरांची गर्दी, ससे आणि दुष्काळ यांनी मिळून झुडपांचं आच्छादन गेलं आणि माती उडू लागली, असं त्याने नोंदवलं. तिथली झुडपं एकदा गेली की माणसाच्या आयुष्यात परत येत नाहीत. चरित्रात हे नाही. इड्रिसला दुष्काळ हा नायकाचा शत्रू म्हणून दिसतो. रानाच्या बाजूने तो दुष्काळाकडे बघत नाही.

रेवा

आणि ही कंपनी आज कुणाची आहे?

अॅडलेडकर

रेवाताई, शंभरावर वर्षं घराण्यात राहिली. २०१५मध्ये विकायला काढली तेव्हा इथे फार गाजलं. परदेशी खरेदीदार पुढे आले, सरकारने नोव्हेंबर २०१५ आणि एप्रिल २०१६ अशी दोनदा परवानगी नाकारली. २०१६च्या शेवटी खाणसम्राज्ञी जीना राइनहार्ट आणि एका चिनी कंपनीने मिळून ३८ कोटी ६५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला घेतली. त्यातलं अॅना क्रीक हे स्टेशन वेगळं काढून इथल्याच एका गुरेवाल्या कुटुंबाला विकलं, कारण त्याचा काही भाग वूमेराच्या क्षेपणास्त्र चाचणीच्या हद्दीत येतो. अॅना क्रीक, त्याला जोडलेलं 'द पीक' स्टेशन धरून, साधारण साडेतेवीस हजार चौरस किलोमीटर. आपला अहिल्यानगर जिल्हा, महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा, सतरा हजार. तुलना केली तेव्हा मलाच दोनदा तपासावं लागलं.

कोरडवाहूंना एक सांगायचं होतं. तुमच्या पहिल्या प्रतिसादाने मी दुखावलो नाही. मीही किडमनच्या बाजूने झुकतच पुस्तक वाचलं, म्हणून तर बिली गायब झाल्यावर लागलं. परक्या माणसाचं इतकं लागलं नसतं.

आणि पुस्तक वाचावं का? वाचा. संवाद इड्रिसने रचलेले आहेत, चरित्र कमी आणि कादंबरी जास्त आहे हे धरून वाचा. हाताशी नकाशा ठेवा. मग बोवेनचं वाचा, त्यात कागदपत्रांचा आधार आहे, आणि किडमन थोडा माणसासारखा दिसतो.

जुलैच्या सुट्टीत आम्ही मरीला जातोय. मुलीने त्या नकाशावर स्वतःची पेन्सिल चालवली आहे.

माणदेशी

मरीहून वर जाल तिथे जमिनीखालून आपोआप पाणी वर येणाऱ्या बोअर आहेत ना? गुरांच्या वाटेवर ठरावीक अंतरावर पाडलेल्या? वडील विचारतायत, पाणी गोड आहे का, आणि जनावर थेट बोअरवर पितं का?

अॅडलेडकर

पाणी खारट-मचूळ असतं, पण गुरं पितात. थेट पीत नाहीत, कारण ते फार खोलातून येतं आणि कढत असतं. बर्ड्सव्हिल गावच्या बोअरचं तर जवळजवळ उकळतं, ९८ अंश. म्हणून बोअरपासून पाट काढून ते लांबवर नेतात. तोंडाशी वाफ असते, काठावर पांढरा क्षार साचलेला, गवत नाही. पाट जसा पुढे जातो तसं पाणी निवतं, हिरवळ सुरू होते. वडिलांना सांगा, गुरांना ती जागा कुणी दाखवावी लागत नाही. जिथे तोंड घालता येईल इतपत ते थंड होतं, तिथे काठाची माती खुरांनी तुडवून काळी झालेली असते.